चुळबुळ्यांचं ॲव्हरेज

चुळबुळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय टेबलाखाली असा काही हलायचा की शेजाऱ्याच्या कपातला चहा बशीत उतरायचा. तेव्हापासून ऑफिसने हे नाव ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे शिपायाला खरं नाव आठवेना. ऑफिसात हा पाय निरुपद्रवी होता. घात झाला तो गाडी घेतल्यावर, कारण आता त्या पायाखाली ॲक्सिलरेटर आला.

गाडी नवी होती आणि चुगलखोर होती. स्टिअरिंगच्या मागच्या छोट्या पडद्यावर ती लिटरमागे किती किलोमीटर पळाली ते सांगायची. चुळबुळे चालवत तेव्हा बारा. बायको चालवायची तेव्हा एकोणीस. चुळबुळ्यांनी आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग टायरमधल्या हवेवर, मग खुद्द रस्त्यावर (रस्ता एकच होता, पण त्यांच्या मते ऑफिसच्या वेळेला तो जास्त चढाचा असतो). बायको शाळेत गणित शिकवायची. तिने एक दिवस भाजी निवडता निवडता हिशेब मांडला.

"अहो, सिग्नल हिरवा झाला की तुम्ही कुणी मागे लागल्यासारखे सुटता, आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक दाबता. एवढं पेट्रोल जाळून मिळवलेला वेग तुम्ही जागच्या जागी फुकट घालवता."

हे चुळबुळ्यांना भलतंच लागलं. शनिवारी सासूबाईंना नवी कवळी बसवायला दातांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जाताना मी चालवीन, येताना तू चालव, ज्याचं ॲव्हरेज जास्त त्याच्याकडे गाडीची किल्ली, कायमची. बोलून गेले आणि मग येतानाचं आठवलं. ड्रायव्हरच्या शेजारी बसणं त्यांना मुळीच सोसत नसे. तिथे पायाखाली काहीच नसतं.

शनिवारी त्यांनी आकडा शून्यावर आणला, खिडक्या बंद केल्या (वारा आत शिरला की गाडी अडते), एसी बंद ठेवला (तो पेट्रोल पितो) आणि पाऊल पेडलवर असं टेकवलं की जणू खाली अंडं आहे. गाडी निघाली. निघाली म्हणजे तसं त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. लांबवर सिग्नल लाल दिसला की ते आत्तापासूनच पाय उचलत आणि गाडी आपली रमतगमत जाई. मागच्या गाड्या हॉर्न बडवत होत्या. सायकलवरून एक फुगेवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना काळजीने आत डोकावला. सासूबाई पदराने वारा घेत होत्या. त्यांनी दोनदा विचारलं की गाडी ढकलायला उतरायचं आहे का, पण चुळबुळ्यांनी मान वळवली नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि पाय आतल्या आत तडफडत होता.

दवाखान्याच्या फाटकाशी आकडा आला एकवीस!

बायकोनेही मोकळेपणाने मान डोलावली. मायलेकी आत गेल्या. चुळबुळे गाडी सावलीला लावून, इंजिन बंद करून, धन्य होऊन बसले. आत जाऊन बसायचं त्यांनी टाळलं, कारण तिथे आकडा दिसला नसता.

पण इंजिन बंद केल्यावर आकडा इथेही दिसत नव्हता.

थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग वाटलं, एकदा बघावा. इंजिन चालू केलं. एकवीस. बंद केलं. पुन्हा राहवेना. (नुसती किल्ली अर्धी फिरवूनही आकडा दिसतो, पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचण्याइतका वेळ ते कुठे एका जागी बसले होते?) चार-पाच वेळा असं झालं आणि पडद्यावर वीस आले. चुळबुळे दचकले. गाडी तर जागची हलली नव्हती! काहीतरी बिघाड असणार, तो आपोआप सुधारतो का बघावं म्हणून त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. शर्यत संपलीच आहे म्हणून एसीही लावला. आकडा अठरावर आला. काळजीने पाय हलायला लागला, आणि पाय नेमका कशावर हलतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. इंजिन घुर्र घुर्र करत राहिलं. सोळा. चौदा.

आता त्यांचं डोकं फिरलं. गेलेलं ॲव्हरेज गाडी चालवूनच परत मिळणार, म्हणून त्यांनी दवाखान्याला एक चक्कर मारायचं ठरवलं. मागच्या गल्लीत एक ट्रक सिमेंटची पोती उतरवत आडवा उभा होता, आणि चुळबुळ्यांच्या मागे आणखी तीन गाड्या येऊन थांबल्या. ना पुढे, ना मागे. तिथे अडकून ते तो आकडा उतरताना बघत राहिले. त्यांना अगदी रडू यायचं बाकी होतं.

फाटकाशी परत आले तेव्हा सासूबाई नव्या दातांनी हसत उभ्या होत्या आणि पडद्यावर नऊ होते.

बायकोने आकडा पाहिला. तिने आकडा शून्यावर आणला, एसी लावला आणि नेहमीसारखी गाडी काढली. शेजारी बसून चुळबुळे पायपुसण्यावर ब्रेक दाबत होते, क्लच दाबत होते. गाडी त्यांचं काहीएक न ऐकता घरी पोचली. एकोणीस.

दारात बायकोने किल्ली त्यांच्यापुढे धरली. चुळबुळ्यांना भरून आलं. शेवटी बायको ती बायकोच, असं काहीसं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"आईला वर सोडून येते. तोवर बसा गाडीत," ती म्हणाली. "फक्त चालू करू नका."

ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. इतक्यात समोरच्या बिल्डिंगमधले वकील काचेवर टकटक करू लागले. काच उतरवायची तर गाडी चालू करावी लागली असती, म्हणून चुळबुळ्यांनी दार जरासं उघडलं.

"नवी ना?" वकिलांनी कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला. "किती देते?"

चुळबुळ्यांनी बायको गेली त्या जिन्याकडे पाहिलं.

"मला की तिला?"