आर्डिथच्या कुकीजवरचं पान

आर्डिथ कोबर्नच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सकाळपासून लाकडाच्या शेगडीचं धुराडं पसरलं होतं. धुराड्याचे पाच तुकडे, दोन ब्रश आणि त्यातून निघालेली वर्षभराची काजळी. तिचा नवरा मेरिल दर ऑक्टोबरात धुराडं साफ करायचा आणि त्यासाठी नेमका चर्चच्या हॉलमधल्या शरदाच्या गावजेवणाचा दिवस शोधून काढायचा.

"आजच मुहूर्त लागला का रे तुला?" आर्डिथनं विचारलं.

"उद्या थंडी पडली म्हणजे तूच म्हणशील, काल काय झोपला होतास?" मेरिल धुराड्यात डोकं घालून म्हणाला. त्यामुळे त्याचा आवाज एखाद्या विहिरीतून यावा तसा आला.

आर्डिथ ट्रेकडे वळली. अठ्ठेचाळीस कुकीज नुकत्याच ओव्हनमधून निघून गार झाल्या होत्या. तिच्या मेपलच्या कुकीज मऊ असत. बोटानं दाबलं की खळी पडे आणि हळूच भरून येई. पिठात आंबट साय घालायची आणि कडा तांबूस व्हायच्या आत बाहेर काढायच्या, एवढंच तिचं कसब. त्यावर लोणी आणि मेपलचा पाक उकळून, पिठीसाखर घालून घोटलेलं आयसिंग. ते तिनं कसंबसं ओट्याच्या कोपऱ्यात उभं राहून प्रत्येक कुकीवर पसरलं. एवढ्यात मेरिल शिंकला आणि काजळीचा एक ढग अलगद उठला.

आर्डिथनं दोन्ही ट्रे उचलले, तडक मागच्या अंगणात नेले आणि मेपलच्या झाडाखालच्या लाकडी टेबलावर ठेवले. व्हरमाँटमधल्या त्या लहानशा गावात त्या आठवड्यात सगळीच झाडं पेटल्यासारखी लाल-केशरी झाली होती. ऊन कोवळं होतं, वारा पडलेला. तेवढ्यात आत फोन वाजला.

फोन विनिफ्रेड टटलचा होता. विनिफ्रेड गावजेवणाच्या कमिटीची मुख्य. तिचं "पाचच मिनिटं गं" म्हणजे काय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. भोपळ्याच्या पेस्ट्र्या किती, घेवड्याची भांडी कुणाची, गेल्या वर्षी कॉफीची किटली कुणी नेली आणि अजून परत का आणली नाही, असं सगळं झाल्यावर आर्डिथ बाहेर आली. मधल्या वेळात वाऱ्याची एक झुळूक येऊन गेली होती. जवळपास प्रत्येक कुकीवर मेपलचं एकेक पान निवांत पहुडलं होतं.

आर्डिथ मटकन बाकावर बसली. दुसऱ्यांदा कुकीज करायला ना वेळ होता, ना पाक. शेवटी तिनं श्वास रोखून एका पानाचा देठ चिमटीत धरला आणि ते हलकेच उचललं.

पान सुटून आलं. आयसिंगवर त्याचा हुबेहूब ठसा राहिला होता. मधली शीर, बाजूच्या शिरा, कडेची टोकं, सगळं एखाद्या कारागिरानं कोरावं तसं.

"मेरिल! अरे बाहेर ये, बघ तर!"

मेरिल काळ्या तोंडानं बाहेर आला. त्यानं बराच वेळ कुकी न्याहाळली आणि विचारलं, "ज्यांचा ठसा बिघडलाय, त्या कुणी खायच्या?"

संध्याकाळी हॉलमध्ये त्या कुकीजभोवती ही गर्दी झाली. आर्डिथ सगळ्यांना खरं तेच सांगणार होती. पण तेवढ्यात लिओना बिसेट आली. लिओना आणि आर्डिथ एकाच वर्गात शिकल्या, एकाच चर्चमध्ये त्यांची लग्नं लागली, आणि गेली अठरा वर्षं प्रत्येक गावजेवणात त्यांच्या कुकीज शेजारी शेजारी मांडलेल्या असत. आर्डिथची कुकी खाऊन लिओना दरवर्षी म्हणे, "चव बरी आहे." आज तिनं पर्समधून चष्मा काढला, कुकी दिव्याखाली धरली, उलटसुलट केली आणि हळू आवाजात विचारलं, "आर्डिथ, हे कसं केलंस गं?"

अठरा वर्षांत लिओनानं तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्या एका क्षणी आर्डिथचा तोल गेला.

"आमच्या आजीची पद्धत आहे," ती म्हणाली. "फार जुनी."

विनिफ्रेड मागेच उभी होती. "मग आम्हाला शिकव की! पुढच्या शनिवारी, इथेच. मी उद्याच दुकानाबाहेर कागद लावते."

"अगं पण—"

"लाजू नकोस. आजीचं नाव राहील."

आर्डिथची आजी उभ्या जन्मात ओव्हनजवळ फिरकली नव्हती. ती गाई पाळायची आणि पाइप ओढायची.

पुढचे सहा दिवस कोबर्नांच्या घरात दुसरं काही शिजलं नाही. आर्डिथनं आयसिंग लावल्याबरोबर पान ठेवून पाहिलं, तर पानाबरोबर आयसिंगही निघून आलं. तासाभरानं ठेवलं, तर पान नुसतं वर बसून राहिलं, ठशाचा पत्ता नाही. मग तिला वाटलं, पान वरून पडायलाच हवं. मेरिल शिडी लावून झाडावर चढला आणि फांदी गदागदा हलवू लागला. पानं अंगणभर पडली, आर्डिथच्या केसांत पडली, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर पडली. ट्रेमध्ये पडला तो फक्त एक सुरवंट.

"वारा पाहिजे. त्या दिवशी वारा होता," मेरिल म्हणाला आणि पानं उडवायचं यंत्र घेऊन आला.

त्या यंत्रानं पिठीसाखरेचं अख्खं पातेलं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उडवलं. रविवारच्या कोटावर मधमाश्या बसल्या.

"तू बाजूला हो," आर्डिथ म्हणाली.

"मी मदत करतोय!"

"तू फक्त खा."

मेरिलनं तेही मनापासून केलं. शुक्रवारपर्यंत त्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला होता, पण धड ठसा काही एकही उमटला नव्हता.

"सरळ सांगून टाक ना खरं काय ते," तो म्हणाला. "चूक झाली म्हणावं, ट्रे झाडाखाली ठेवले होते म्हणावं. फार तर काय, हसतील."

"लिओना हसेल."

"मग हसू दे. मला आता कुकीच्या वासानंही भीती वाटते."

शनिवारी हॉलमध्ये बावीस बायका ॲप्रन बांधून, वही-पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेत लिओना. आर्डिथ टेबलामागे उभी राहिली. कान लाल झाले होते, पण ती अडखळत का होईना, सगळं बोलून गेली. काजळी, अंगण, फोन, वाऱ्याची झुळूक. "आजीबिजी काही नाही," ती म्हणाली. "माझी चूक झाली, आणि ती लपवायला मी खोटं बोलले. मला ही कुकी करता येत नाही."

कुणीतरी खुदकन हसलं आणि हळूहळू सगळ्याच हसल्या. आर्डिथला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच.

"म्हणे वाऱ्यानं पानं आणून ठेवली!" विनिफ्रेड डोळे पुसत म्हणाली. "एकेका कुकीवर एकेक! नेम धरून!"

"खरंच गं."

लिओना मात्र हसली नव्हती. तिनं वही मिटली. "आजीची पद्धत बाहेर जाऊ द्यायची नाही, तर तसं सांगायचं," ती म्हणाली. "आम्हाला काही राग नसता आला. पण बावीस जणींना बोलावून अशा गोष्टी सांगायच्या, हे बरं नव्हे."

बायकांनी कॉफी घेतली आणि ॲप्रन सोडत निघून गेल्या. पुढचे दोन आठवडे दुकानात आर्डिथ दिसली की गप्पा थांबत. पोस्टातल्या बाईनं पाकीट देताना विचारलं, "आज वारा काय म्हणतोय?" आर्डिथनं घरी येऊन मेरिलला सांगितलं, "खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता खरं सांगते तर कुणी ऐकत नाही."

नोव्हेंबर उजाडला तसा दुकानाबाहेर नवा कागद लागला. 'पानाच्या ठशाच्या मेपल कुकीज. शिकवणार : लिओना बिसेट. सर्वांना आमंत्रण.' 'सर्वांना' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"जाणार?" मेरिलनं विचारलं.

आर्डिथ ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधत होती.

ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. लिओनाच्या चेहऱ्यावर पीठ होतं, दोन बोटांना भाजल्याच्या पट्ट्या होत्या, आणि डोळ्यांवरून कळत होतं की ती बरेच दिवस नीट झोपली नव्हती. तिनं वहीत दाबून ठेवलेलं एक पान काढलं, धुतलं, पुसलं आणि शिरांच्या बाजूनं त्यावर पुसटसं लोणी फिरवलं. मग आयसिंग लावलेल्या कुकीज नुसत्याच ठेवून दिल्या आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली.

"दुधावर धरते तशी पातळ साय यावर धरली पाहिजे," ती म्हणाली. "त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही."

वेळ झाल्यावर तिनं पान ठेवलं, करंगळीनं दाबलं आणि उचललं. ठसा लख्ख उमटला होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लिओना मात्र सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट तिसऱ्या रांगेकडे पाहत होती.

"काय आर्डिथ?" ती म्हणाली. "हीच ना तुझ्या आजीची पद्धत? शोधली की नाही?"

चाळीस डोळे मागे वळले. आर्डिथनं लिओनाच्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या. किती ट्रे वाया गेले असतील याचा तिला चांगलाच अंदाज होता.

"हीच," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं हात वर केला. "पण साय धरायला किती मिनिटं ठेवायचं म्हणालीस?"

"बघ, बघ," विनिफ्रेड शेजारणीच्या कानाशी लागली, "कशी परीक्षा घेतेय तिची!"

लिओनाचा चेहरा उतरला. वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी ती म्हणाली, "वीस... वीस मिनिटं?"

"बरोबर," आर्डिथ म्हणाली, आणि वहीवर डावा हात आडवा धरून तिनं ठळक अक्षरात लिहून घेतलं : वीस मिनिटं.