बांधाची दाढ

मेहुण्याचा फोन आला तेव्हा दातांचे डॉक्टर तळ्याच्या मधोमध होडीत होते.

"भाऊजी, उद्या सकाळी बांध तपासायला इंजिनियरबाई येतायत. मीच बोलावलंय. बांध कच्चा निघाला तर तळं रिकामं करायचं. कबूल?"

"कबूल!" डॉक्टर तोऱ्यात म्हणाले, पण त्याच क्षणी एक वल्हं हातातून सुटलं. ते धरायला वाकले तर दुसरंही गेलं. शेवटी हातांनी पाणी मागे लोटत ते कसेबसे काठाला लागले.

तळं खासगी, निव्वळ हौसेचं. घरामागच्या ओढ्याला मातीचा बांध घालून आधीच्या मालकाने ते केलं होतं. डॉक्टरांनी घर घेतलं ते या तळ्यासाठी, आणि बायकोने घेऊ दिलं ते भाऊ जवळ राहतो म्हणून. किती जवळ? तर बांधाच्या अगदी खाली. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी दोन घटका शांतता मिळायची ती फक्त होडीत. तळं गेलं तर आपण वेडे होऊ, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती.

आजवर त्यांनी बांध पाहिला होता तो फक्त पाण्याच्या बाजूने. आता जिवाला स्वस्थता नाही म्हटल्यावर ते पहिल्यांदाच पलीकडच्या उतारावरून खाली उतरले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पायथ्याशी, गवतात, एक पाईप होता आणि त्यातून टप टप पाणी पडत होतं.

"अगं, बांध गळतोय!"

"मग त्याला फोन करून सांगते," बायको म्हणाली.

"खबरदार! तुझा भाऊ टपूनच बसलाय."

आता, भोक दिसलं की बुजवायचं, यावरच तर डॉक्टरांचं पोट. त्यांनी पाईप आतून घासला, पुसून कोरडा केला, आत कापसाचा बोळा कोंबला आणि त्यावर झटपट सुकणारं सिमेंट ठासून भरलं. वर सवयीने "अर्धा तास काही खायचं नाही" असंही बजावलं. टपटप थांबली. डॉक्टर शीळ घालत घरी आले.

सकाळी पाहतात तर पाईप कोरडा ठणठणीत, पण त्याच्या हातभर वर, उतारावर, ताटाएवढा ओला डाग.

"हे काल नव्हतं," बायको म्हणाली.

"दव पडलं असेल."

"दव काय पत्ता शोधत येतं का एवढ्याच जागी?"

वाद घालायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी घरातली सतरंजी आणून डागावर पसरली. उतारावर नुसती सतरंजी संशयास्पद दिसते, म्हणून तिच्यावर टेबल मांडलं. नुसतं टेबल विचित्र दिसतं, म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून चहा आला. दर दोन मिनिटांनी डॉक्टर वाकून सतरंजी चाचपत होते. ती ओली होत चालली होती.

तेवढ्यात गमबूट घातलेला मेहुणा आणि त्याच्यामागे इंजिनियरबाई हजर झाल्या.

"चहा? आणि तो इथे उतारावर?" बाईंनी विचारलं.

"इथे हवा छान असते," डॉक्टर म्हणाले.

मेहुणा धपकन खुर्चीत बसला. "मी म्हणतो, धोका पत्करायचाच कशाला? घर आमचं खाली, पाणी तुमचं वर..." बोलता बोलता तो थांबला. "भाऊजी, तुम्ही उंच होताय का?"

डॉक्टर होते तेवढेच होते. खुर्चीचे पाय चिखलात रुतत होते आणि मेहुण्याची हनुवटी हळूहळू टेबलाला टेकायला आली होती. बाईंनी सतरंजीचं टोक उचललं. खालून पाणी पाझरत होतं.

"पायथ्याशी निचऱ्याचा पाईप असेल ना? कुठाय तो?"

डॉक्टर आभाळाकडे पाहू लागले.

"यांनी भरला," बायकोने सांगून टाकलं.

"भरला म्हणजे?"

"दाढ भरतात तसा."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मातीचा बांध थोडं पाणी पितोच. ते सुखरूप बाहेर पडावं म्हणून तर पाईप! तो टपकत होता म्हणजे बांधाची तब्येत झकास होती. आता पाणी पोटात तुंबलंय. आधी तो पाईप मोकळा करा!"

आगीतून निघून फुफाट्यात पडलेले डॉक्टर ड्रिल घेऊन धावत आले. पायथ्याशी आडवे पडून त्यांनी सिमेंट पोखरायला घेतलं. फट्दिशी बोळा सुटला आणि गढूळ पाण्याची चूळ त्यांच्या तोंडावर आली.

"फुटला! बांध फुटला!" मेहुणा खुर्चीसकट उठला, खुर्ची झटकून बांधावर चढला आणि दिसेनासा झाला.

पाणी हळूहळू नितळ झालं, धार बारीक झाली आणि पुन्हा टपटप सुरू झाली. बाईंनी सगळा बांध पायाखाली घातला, जागोजागी टोचून पाहिला.

"बांध चांगला आहे. तळं राहू द्या," त्या म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरांच्या जिवात जीव आला. "पण एका अटीवर. मालकाने रोज इथे खाली बसून लक्ष ठेवायचं. टपकणं थांबलं किंवा पाणी गढूळ झालं की मला फोन करायचा. आणि पुन्हा कशातही काही भरायचं नाही!"

मेहुणा सापडला तो तळ्याच्या मध्यावर, होडीत. घाबरून, वल्ह्यांशिवाय हातांनीच पाणी लोटत, तिथे जाऊन बसला होता. बऱ्याच वेळाने काठावर आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न बोलावता परत आला.

"भाऊजी, बांध फुटलाच तर होडीतला माणूस पाण्याच्या वर राहतो," त्याने समजावून सांगितलं. "म्हणून संध्याकाळी मी होडीतच बसायचं ठरवलंय. जिवाची काळजी घ्यायला नको?"

तेव्हापासून डॉक्टरांची संध्याकाळ पायथ्याशी जाऊ लागली. टपटप ऐकली की पाणी वाढलं की काय वाटे, दोन थेंबांत जरा अंतर पडलं की ते पाईपला कान लावत. पलीकडून मेहुण्याचं गाणं ऐकू येई, अगदी बेसूर आणि अगदी निवांत. एक दिवस डॉक्टरांना असह्य झालं. ते तरातरा बांधावर चढले.

"ऐक रे! तुझंच खरं. हे तळं रिकामंच करून टाकू!"

मेहुणा होडीत ताडकन उठून बसला.

"वेड लागलंय का भाऊजी? मग मी संध्याकाळी बसायचं कुठे?"