अकौशल्याचा दाखला

सर्फस्की हा शर्यतीच्या होडीचा एक प्रकार असून तो शहाण्या माणसांसाठी नाही, असं एका शर्यतपटूच्या बायकोचं जुनं मत होतं. ही होडी बसणाऱ्याच्या कमरेएवढी रुंद आणि दिवाणखान्यात न मावेल एवढी लांब असते, आणि वल्हं थांबलं की बसलेल्याला खुशाल पाण्यात टाकते. अशा होडीत तो इतकी वर्षं बसत आला होता, की क्लबात सगळे त्याला 'बाण' म्हणत. बाण एकदा सुटला की मागे वळून बघत नसे. बघितलं की तोल जातो, हे त्याचं कारण. बघण्याची इच्छाच नसते, हे बायकोचं.

यंदा बायकोनं समोरच्या बेटावर जायचं मनावर घेतलं. स्वतःपुरती एक रुंद कयाक होडी आणली, तिच्यात बसायला शिकली, शिकताना पोटभर समुद्र प्यायली, आणि मग अट घातली.

"मी दमले की थांबणार. मी थांबले की तुम्हीही शेजारी थांबायचं. चहा प्यायचा, दोन शब्द बोलायचे. नुसती तुमची पाठ बघायला मी समुद्रात येणार नाही. ती घरातही दिसते."

हे बाणाला फार लागलं. इतक्या वर्षांत त्यानं पुष्कळ शर्यती मारल्या होत्या, पण बायकोबरोबर तो एकाच वेळी कुठे पोहोचल्याचं काही त्याला आठवेना. एकदा तरी पोहोचावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो तडक दुकानात गेला आणि म्हणाला, "समुद्रात लांबवर फिरायची कयाक दाखवा. स्थिर हवी."

दुकानदारानं आधी दार लोटून घेतलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम आहे."

"मग असं काय करता? क्लबात कळलं तर?" दुकानदारानं सुस्कारा सोडला. "बरं. स्थिरता दोन प्रकारची. काही होड्या बसल्या बसल्या डगमगतात, पण लाटेवर कलल्या की सावरतात. काही अगदी पलंगासारख्या निवांत, पण मर्यादेबाहेर कलल्या की सरळ आंघोळ. तुम्हाला कुठली?"

"जिच्यात बसून चहा पिता येईल आणि लाट आली तर तो सांडणार नाही, अशी."

"म्हणजे दोन्ही. ती आहे. पण तुमच्या परवान्यावर 'कुशल' लिहिलंय, तुम्हाला ती देता येत नाही. कार्यालयात जाऊन या."

जलवाहतूक कार्यालयातला निरीक्षक सज्जन होता, म्हणजे त्यानं बसायला खुर्ची दिली. "स्थिर होड्या अकुशल वर्गासाठी राखीव आहेत," तो म्हणाला. "तुमच्यासारख्यानं त्यातली एक उचलली, तर एका गरजू अकुशलावर अन्याय होतो."

"साहेब, मला फक्त बायकोशेजारी थांबायचंय."

"थांबणे हे प्रयोजन आमच्याकडे नाही. वेग आहे, अंतर आहे, मासेमारी आहे, आणि इतर."

"मग इतर लिहा."

"इतर सध्या बंद आहे."

बाणाचा चेहरा पडलेला पाहून निरीक्षकाला दया आली. त्यानं मार्ग सुचवला: अकौशल्याचा दाखला. परीक्षा सोपी होती. सर्फस्कीत बसायचं आणि निरीक्षकासमोर पाण्यात पडून दाखवायचं. पडणं तेवढं नैसर्गिक हवं.

बाण हसत हसत पाण्यात उतरला. त्यानं वल्हं थांबवलं, डोळे मिटले, अंग सैल सोडलं. होडी डावीकडे कलली, कमरेनं तिला उजवीकडे आणलं. उजवीकडे कलली, कमरेनं डावीकडे. शेजारून एक मोठी लाँच गेली, लाटा आल्या, धक्क्यावरची माणसं ओली झाली, बाण कोरडाच राहिला. वर्षानुवर्षं घोटवलेली कंबर आता मालकाचं ऐकायला तयार नव्हती. शेवटी वैतागून त्यानं सरळ उडी मारली.

"उडी चालत नाही," निरीक्षक म्हणाला. "उडी म्हणजे पोहणे. ते दुसरं खातं." आणि त्यानं शेरा मारला: 'उमेदवार पडण्यास अपात्र.'

कार्यालयानं अशा दुर्दैवी कुशलांसाठी पडण्याचे वर्गही चालवले होते. शिकवणाऱ्या बाई सायकलीवरून, शिडीवरून आणि एकदा भर सभेत मंचावरून पडलेल्या, म्हणजे विषयातल्या जाणकार होत्या. "तुम्ही पडायचा प्रयत्न करता, म्हणून पडत नाही," त्यांनी समजावलं. "आपलं सगळं छान चाललंय असं वाटू द्या. माणूस तेव्हाच पडतो." बाण घरी स्टुलावर बसून सराव करू लागला. बायको येता-जाता त्याला ढकलायची. तो झोके खायचा, पण बसून राहायचा, आणि ती हसून हसून भिंतीला टेकायची. इतकं ते घर कित्येक वर्षांत हसलं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेला बायको धक्क्यावर येऊन उभी राहिली. बाण वल्हवत पुढे निघाला. सगळं छान चाललं होतं, तेव्हाच ती ओरडली, "अहो!"

बाणानं मागे वळून बघितलं, आणि बघत असतानाच तो पाण्यात गेला. वर आला तेव्हा दोघंही हसत होते. निरीक्षकानं 'अत्यंत नैसर्गिक' असा शेरा मारून दाखला दिला.

स्थिर कयाक आली. पहिल्यांदा बसल्यावर ती अजिबात हलेना, त्यामुळे बाणच हलायला लागला. नसलेला तोल सावरता सावरता त्यानं बिचारीला घुसळून काढलं. मग हळूहळू कंबर निवृत्त झाली. एका प्रसन्न सकाळी दोघं चहाचा थर्मास घेऊन, होड्या शेजारी शेजारी लावून बेटाकडे निघणार, तोच निरीक्षक धावत आला.

"दोघेही अकुशल! तुम्हाला दोघांनाच जाता येत नाही. सोबत निष्कलंक व्यक्ती हवी."

"निष्कलंक म्हणजे?"

"जी कधीही होडीतून पडलेली नाही, अशी."

क्लबातले सगळे बोलावले गेले. सगळे कधी ना कधी पडले होते, वल्हवणारा पडतोच. पडणं शिकवणाऱ्या बाईंचं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही.

"मग साहेब, तुम्हीच चला," बायको म्हणाली.

निरीक्षकानं आवाज खाली आणला. "या धक्क्याचं उद्घाटन झालं, तेव्हा मी फीत कापायला होडीतून आलो होतो."

"आणि?"

"फीत कापली गेली नाही."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. "अहो, आपण पडू."

"पडू की," बाण म्हणाला, आणि त्यानं दोघांचे दोर सोडले.

ते गेले. निरीक्षक धक्क्यावरून शिट्टी फुंकत राहिला. दूर पाण्यात दोन होड्या एकमेकींना खेटून थांबलेल्या दिसत होत्या. त्यातल्या कुणालाही घाई नव्हती.

आता नियमानुसार त्यांना परत आणायला माणूस पाठवणं भाग आहे, आणि तो निष्कलंक हवा. म्हणजे जो कधी होडीत बसलाच नाही, किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचं पडणं बघत हसला, आणि ज्याच्या नावावर आजवर एकही लाट नाही, असा. कार्यालयानं खूप शोध घेतला. अशी पात्र व्यक्ती सापडली आहे. ती या क्षणी कोरड्या कपड्यांत, चांगल्या स्थिर खुर्चीत बसून ही गोष्ट वाचते आहे.

उठा. होडी तयार आहे.

काय म्हणता? पडलो तर?

वा! म्हणून तर तुमची निवड झाली.