समतेची बैठकव्यवस्था

नेपियर टाउनमधल्या आमच्या मराठी स्नेहमंडळात माणूस निवृत्त होतो, त्याचा हुद्दा होत नाही. खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातून साहेब म्हणून बाहेर पडलेला गृहस्थ मंडळातही पुढच्या सोफ्यावर साहेब म्हणूनच बसतो. मागे त्याच्या हाताखालचे, त्यांच्यामागे त्यांच्या हाताखालचे. सहचिटणीस या नात्याने मला ही व्यवस्था फार प्रिय आहे. कोणाला वाकून नमस्कार करायचा आणि कोणाला नुसती मान हलवायची, हे रांग पाहूनच कळतं.

ती बिघडवली शैलजाकाकूंनी. काकूंना हुद्दा नाही, म्हणून त्यांची जागा दाराशी. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा जाण्याच्या वाटेवर. आणि रविवारी त्यांची नात चिन्मयी पहिल्यांदाच मंचावर गाणार होती.

“मले पुढे बसू द्या जी,” काकू कार्यकारिणीसमोर म्हणाल्या. “तसेही तुमचे साहेब लोक सोफ्यावर झोपूनच राहिले असतात.”

“काकू, उतरंड निसर्गाचीच आहे,” अध्यक्ष मुरलीधरसाहेब समजुतीने म्हणाले. “उतार नसता तर आपली नर्मदा वाहिली असती का?”

“अच्छा! मग पाणी खाली येते, तुम्ही वर काहून जाता?”

नर्मदेचा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलून समतेचा ठराव एकमताने मंजूर झाला. हात अर्थातच ज्येष्ठतेनुसार वर गेले. सोफे हटवायचे, खुर्च्या गोल मांडायच्या, गाणारी मधोमध, आणि ज्याने त्याने हवं तिथे बसायचं.

रविवारी साहेब हव्या त्या खुर्चीत बसले. ती आपोआप पहिली ठरली. त्यांच्या उजवीकडे उपसाहेब स्वेच्छेने बसले, मग त्यांच्या खालचे, मग त्यांच्याही खालचे. स्वातंत्र्याचा इतका शिस्तबद्ध वापर मी पाहिला नव्हता. घोटाळा शेवटी झाला. शेवटच्या खुर्चीवर काकू बसल्या आणि गोल असल्यामुळे ती खुर्ची थेट साहेबांच्या डाव्या कोपराला लागली.

“वा! इथून मस्त दिसते,” काकू म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग हवा खेळती राहावी म्हणून दोघांच्या मध्ये फट पाडली. फट रुंद करता करता वर्तुळ सरळ झालं. सरळ ओळ भिंतीला टेकली, म्हणून तिच्या रांगा केल्या. साहेबांची कंबर नाजूक, म्हणून सोफा परत आला. चिन्मयीला मंचावर पाठवण्यात आलं आणि काकू पुन्हा दाराशी.

काकूंनी खुर्ची उचलली, मंचावर चढल्या आणि हार्मोनियमशेजारी बसल्या.

आता मोठाच पेच पडला. हुद्दा नसलेली बाई वर आणि साहेब खाली! पाचेक जणांनी सोफा वर चढवला. उपसाहेब मागोमाग गेले. मग कोणालाच खाली राहवेना. मंचावर इतकी दाटी झाली की गाणारीला उभं राहायला जागा उरली नाही. चिन्मयी माइक घेऊन सभागृहात उतरली आणि काकूही खुर्ची ओढत तिच्यामागे खाली आल्या.

पोरगी फार गोड गायली. काकू पदराने डोळे पुसत समोर बसून ऐकत होत्या. वर आम्हाला तिची पाठ दिसली. आम्ही हुद्द्यानुसार टाळ्या वाजवल्या.

आता मंडळात संपूर्ण समता आहे. खाली कोणीही, कुठेही बसावं. गाणं तिथूनच चांगलं ऐकू येतं. येत्या रविवारी आपणही अवश्य या. आपण काही खाली बसणार नाही, म्हणून आपली खुर्ची वरच ठेवली आहे. ती कोणाच्या पुढे हवी, तेवढं मात्र कळवा.