पाहुणे म्हणा

अभिमन्यू सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'गिऱ्हाईक' लिहिलं, त्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, 'पाहुणे'.

"आजपासून या वर्गात कोणी गिऱ्हाईक म्हणायचं नाही. पर्यटकसुद्धा नाही. पाहुणे म्हणायचं. जो चुकेल त्याचे पाच गुण कापीन."

बीडच्या बस स्टँडमागे एका कोचिंग क्लासची खोली दुपारी रिकामी असे. पर्यटनाचा हा सहा आठवड्यांचा वर्ग तिथेच भरायचा. भिंतीवर बेडकाच्या पोटाचा तक्ता होता आणि त्याच्यासमोर अकरावीच्या पोरांच्या बाकांत अवघडून बसलेले अकरा विद्यार्थी. त्यातला सगळ्यात धाकटा बत्तीस वर्षांचा होता.

"सर," रिक्षावाले ख्वाजाभाई म्हणाले, "पाव्हन्याकडून पैशे कशे घ्यायचे? आमच्यात तर पाव्हना आला की आपलेच जातेत."

"ते पुढच्या धड्यात आहे," सर म्हणाले. पुढच्या धड्यात तसलं काही नव्हतं.

पालीच्या वनमालाबाईंनी मात्र वहीत 'पाहुणे' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्यांचं वय अठ्ठेचाळीस. धरणाच्या बाजूला त्यांचं घर, आणि घराला लागून दोन रिकाम्या खोल्या. त्या खोल्यांत शहरातली माणसं उतरवायची, त्यांना बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी खाऊ घालायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. लग्नानंतर स्वतःसाठी म्हणून धरलेली ही पहिलीच गोष्ट. लेखी परीक्षेत त्या काठावर होत्या. आता सगळी भिस्त प्रात्यक्षिकावर, आणि ते रविवारी त्यांच्याच घरी होणार होतं. परीक्षक बाहेरून येऊन घर बघणार, फॉर्म भरणार. फॉर्मच्या तळाला कुटुंबप्रमुखाची सही हवी. सही नाही तर प्रमाणपत्र नाही.

कुटुंबप्रमुख म्हणजे अर्जुनराव. बायको बीडला क्लासला जाते एवढं त्यांना ठाऊक होतं. तो शिवणाचा असणार, हे त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं, आणि महिना उलटला तरी घरात एक ब्लाउज आला नाही याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वनमालाबाई शेतात गेल्या. मोटार चालू होती. मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "रविवारी पाव्हणे येनार हायेत! बघायला!"

अर्जुनरावांचा चेहरा उजळला. पोरीचं, तेजश्रीचं, तेविसावं सरत आलं होतं, आणि हे वाक्य ऐकायला ते दोन वर्षं आसुसलेले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कुठले?"

"बीडचे! चांगले हायेत! समदं चांगलं झालं पायजे!"

दुसऱ्याच दिवशी अर्जुनरावांनी घराला चुना मारायला घेतला. न्हाणीला दार बसवलं, अंगणातला उकिरडा हलवला. वनमालाबाई बघतच राहिल्या. सरांनी दिलेल्या यादीतली एकेक गोष्ट नवरा न सांगता करत होता. आपल्या धडपडीची त्याला किंमत कळली या विचाराने त्यांना भरून आलं, आणि आता आणखी काही विचारून दृष्ट लावू नये म्हणून त्या गप्प राहिल्या. तिकडे अर्जुनरावांनी परस्पर तेजश्रीला फोन करून संभाजीनगरहून बोलावून घेतलं. ती तिथे तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. रविवारी सकाळी ती आली ती तोंड फुगवूनच. बापाने साडी नेसायला सांगितली, ती नेसली, आणि या कटात आई सामील आहे असं धरून आईशी एक अक्षर बोलली नाही. आईला वाटलं, पोरगी मदतीला आलीय, प्रवासाने दमली असेल.

अकरा वाजता ख्वाजाभाईंची रिक्षा दारात थांबली. परीक्षक सुंदरराव उतरले. सफारी, काखेत फाईल, नाकावर चष्मा. मागून अभिमन्यू सर, नव्या क्रीम रंगाच्या शर्टात. वय चौतीस, बिनलग्नाचे. अर्जुनराव फेटा बांधून पुढे झाले. कोण कोण ते त्यांना बघताक्षणी कळलं: फाईलवाले मुलाचे वडील, शर्टवाला मुलगा, खाकीतले ड्रायव्हर.

वनमालाबाईंनी पाणी दिलं आणि पाठ केल्याप्रमाणे म्हणाल्या, "पाली गावात आपलं हार्दिक स्वागत आहे." अर्जुनरावांना ते जरा जास्तच वाटलं. मग त्या भाकरी थापायला आत गेल्या, कारण स्थानिक जेवणाला दहा गुण होते.

अर्जुनराव शर्टवाल्याकडे वळले. "आपन काय करता?"

"मी पर्यटन शिकवतो."

"म्हंजी?"

"म्हणजे लोकांनी कुठं फिरायला जावं, कसं जावं..."

"असं. तुमी सोता कुठकुठं गेलताव?"

अभिमन्यू सरांना हा प्रश्न आजवर वर्गात कोणी विचारला नव्हता. "महाबळेश्वर," ते म्हणाले. "शाळेची सहल होती. आठवीत."

अर्जुनरावांनी मान हलवली. मुलगा घरबशा दिसत होता, पण घरबशा जावई वाईट नसतो.

सुंदररावांनी फॉर्म उघडला. "बोला. माणसं किती उतरतील?"

"तुमी किती आननार?"

"ते हंगामावर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त."

"मंग सुट्टीतच धरू की. मे म्हैन्यात. पान्याची फिकीर न्हाई, धरान उशाला हाय."

"एका वेळी किती जण जेवतील?"

"हजार पान आरामात उठंल," अर्जुनराव छाती काढून म्हणाले.

सुंदररावांचं पेन थबकलं. फॉर्मवर आकड्यांसाठी दोनच चौकोन होते. त्यांनी नव्याण्णव लिहिलं.

"मुक्काम एक-दोन रात्रींचा धरतो. हे पाहुणे गेले की दुसरे येतील."

"दुसरे?" अर्जुनराव सरळ होऊन बसले. "दुसरे कावून?"

"अहो, वर्षभर येत राहिले पाहिजेत. एकावर थांबून कसं भागेल?"

"आमच्यात एकालाच देत्यात," अर्जुनराव शब्द तोलून म्हणाले.

"तसं केलंत तर तोट्यात जाल. बरं, आकडा सांगा."

"कसला आकडा?"

"तुमचा आकडा. किती ठरवलाय? तो लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

दारात तेजश्री पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, पदर खोचला.

"आकडा? अन् तोबी लेखी?" ती म्हणाली. "बाबा, रिक्षा हायच दारात. ह्येन्ला फॉर्मासकट ठान्यात नेऊ. हुंडा मागायला फॉर्म छापून आनलाय!"

"कसला हुंडा?" सुंदरराव उभे राहिले. "खोलीचं भाडं विचारतोय मी!"

"कोन्च्या खोलीचं?" अर्जुनराव ओरडले.

आवाज ऐकून वनमालाबाई पीठभरल्या हातांनीच धावत आल्या. पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना सगळं कळलं, सरांच्या आठवीतल्या सहलीसकट. ख्वाजाभाई तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले.

अर्जुनरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "भायेर वट्ट्यावर शेजारचा भगवानराव बसलाय. निम्मी आळी बसलीय. त्येन्ला काय सांगू? पाव्हणे आलते अन् तसेच उठून गेले? आख्खं गाव म्हनंल, पोरगी नापसंत झाली." मग ते बायकोकडे न बघता म्हणाले, "आजपून क्लास बंद. मी कशावर सही करनार न्हाई."

वनमालाबाईंचा चेहरा पडला. हात पिठाचे होते, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. तेजश्रीने पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं, आणि आपण सकाळपासून उगाच रुसलो याचं तिला फार वाईट वाटलं.

सुंदरराव नियमाचे पक्के होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. त्यांनी चष्मा सारखा केला. "बाई, एक तोंडी प्रश्न राहिलाय. नाराज माणसाची समजूत कशी काढाल? वीस गुण."

वनमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाहेरच्या कुजबुजीकडे कान दिला. मग त्यांची नजर क्रीम रंगाच्या शर्टावर येऊन थांबली.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी शिकवलं हाय ना, पाव्हन्यासाठी आपन थोडं सोसावं म्हनून?"

"हो," सर म्हणाले. "का?"

वनमालाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या ओट्यावर गेल्या. भगवानरावांनी विचारलंच, "जमलं का, वैनी?"

"न्हाई जमलं," वनमालाबाई आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमीच न्हाई म्हनलं. मान्सं चांगली हायेत, पन पोरगं आठवीपासून कुठं गेलंच न्हाई. आमची पोरगी शिकलेली हाय. आमाला न्हाई पसंत."

ओट्यावर हशा पिकला. "बरं केलं!" कोणीतरी म्हणालं. पालीत मुलीकडच्यांनी मुलगा नापसंत केल्याचं बऱ्याच वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. आत अर्जुनरावांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. सुंदररावांनी वीसपैकी वीस लिहिले आणि फॉर्म पुढे सरकवला. अर्जुनरावांनी सही केली, ऐटीत, खाली रेघ मारून.

"जेवून जा," मग ते अभिमन्यू सरांना म्हणाले. आवाजात दया होती. "मनाला लावून घिऊ नका. भेटंल दुसरी."

सर जेवले. येसराची आमटी फार चांगली झाली होती.

परतीच्या वाटेवर रिक्षा बीडच्या वेशीपाशी आली तोच सरांचा फोन वाजला. आई होती, नेकनूरहून.

"अभ्या, पालीला पोरगी बघायला गेलतास म्हनं? अन् आमाला सांगितलं बी न्हाई? तिथल्या भगवानरावाचा भाचा हितलाच, त्येला फोन आलता; आत्ता दारावरून सांगून गेला. नापसंत केलं म्हनं तुला?"

"हो, आई."

"कावून रे?"

"कुठं फिरलेलो न्हाई म्हनून."

पुढे बसलेल्या ख्वाजाभाईंनी ऐकू यावं म्हणून रिक्षा हळू केली.

"मंग तू त्या क्लासात लोकान्ला शिकवतोस तरी काय?" आईने विचारलं.

"पाहुणचार," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.