हात दुर ठेवा

"लेबलं माझ्यावर सोपवा आणि निर्धास्त राहा," शुद्धोबांनी मेव्हण्याला सांगितलं. "माझं अक्षर चुकलं म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय."

तो माणूस जन्मून बासष्ट वर्षं झाली होती आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तो परीक्षक होता, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शुद्धोबा हे काही खरं नाव नव्हे. एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढल्यावर कचेरीनं दिलेली ती पदवी. औषधाच्या बाटलीवरची सूचना ते आधी दुरुस्त करत आणि मग औषध घेत. अंगात ताप असला तरी क्रम तोच.

गाडी सासऱ्यांची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शुद्धोबांनी तिचं दार जरा जोरात लावलं होतं. एकदाच. पण तेव्हापासून ते गाडीजवळ दिसले की सासरे बॉनेट वर करून आतल्या पिवळ्या लेबलावर बोट ठेवत आणि मोठ्यानं वाचत, "पंखा चालू असताना हात दूर ठेवा. तुम्ही पंखा बंद असतानाही ठेवा, जावईबापू." ते लेबल स्वतः वाचता येईल इतकं जवळ शुद्धोबांना कधी जाऊच दिलं नाही. सासरे गेले, तरी शुद्धोबांची जागा मागच्या सीटवर पक्की राहिली.

मेव्हण्यानं सहा वर्षं खपून गाडी पुन्हा उभी केली. रंग, काचा, शिवण, सगळं कारखान्यातून निघालं तसं. राहिली चार लेबलं. तीन जेमतेम वाचता येत होती आणि पंख्याचं अर्धं झिजलेलं.

"प्रदर्शनात लेबलांना पूर्ण गुण पडले तर परत येताना गाडी तुम्ही चालवायची, भाऊजी," मेव्हणा म्हणाला.

सासूबाईंनी जावयाकडे, मग गाडीच्या दाराकडे पाहिलं. "पूर्ण गुण पडले तर," त्या म्हणाल्या.

शुद्धोबा कामाला लागले. जुन्या वळणाचे ल आणि श त्यांनी भिंगाखाली गिरवून काढले. कडेची काळी रेघ कागदावर मोजली, पिवळा रंग सात वेळा नापास केला. पंख्याच्या लेबलावर 'हात दु' इतकंच उरलं होतं. उकाराची शेपटी झिजली असणार, हे उघडच होतं. त्यांनी झोकात दीर्घ उकार दिला. छपाई नेहमीच्या छापखान्यात. तिथला छापखानेवाला त्यांच्याच हाताखाली घडलेला आणि अजून त्यांच्यासमोर खुर्चीत न बसणारा.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक आले. खिशात भिंग, काखेत मूळ लेबलांच्या फोटोंची वही. तीन लेबलांना त्यांनी मान डोलावली. चौथ्यापाशी थांबले.

"हे चुकलंय."

शुद्धोबांना वाटलं, ते शेजारच्या गाडीबद्दल बोलतायत.

"मूळ लेबलात 'दुर' आहे. ऱ्हस्व. कारखान्यात जी चूक झाली ती शेवटच्या गाडीपर्यंत तशीच राहिली." परीक्षकांनी वही उघडून दाखवली. "त्या चुकीवरून तर ही गाडी ओळखतात. तुमचं लेबल अस्सल नाही. चार गुण गेले. दुसरी फेरी एक वाजता आहे, तोवर दुरुस्त करा."

"दुरुस्त म्हणजे चूक करायची?"

"हो. नीट करा."

शुद्धोबांचा चेहरा मुखपृष्ठ उलटं छापल्यासारखा झाला. मेव्हण्यानं कागद पुढे केला. शुद्धोबांनी 'दु' लिहायला घेतला आणि हात आपोआप दीर्घाकडे वळला. तीन कागद फुकट गेले. शेवटी बायकोनं त्यांचं मनगट धरलं आणि पहिलीतल्या मुलाकडून गिरवून घ्यावं तसं लिहून घेतलं.

छापखाना दोन रस्ते पलीकडे. मेव्हणा धावत गेला, धावत आला, लेबल चिकटवलंसुद्धा. साडेबारा झाले होते.

"अहो," बायको बॉनेटखाली वाकून म्हणाली, "पुन्हा बरोबर आलंय."

शुद्धोबांनी पाहिलं. दूर. दीर्घ, ठसठशीत, आज्ञाधारक. त्यांना क्षणभर अभिमानच वाटला. मग त्यांनी फोन लावला.

"तुझ्याकडे कागद पाठवला होता त्यात काय लिहिलं होतं?"

"चूक होती, साहेब. मी काढली." आवाजात बक्षिसाची अपेक्षा होती. "तुम्ही पूर्वी मुद्दाम चुका पेरून आमची परीक्षा घ्यायचात ना? मी लगेच ओळखलं."

"ही परीक्षा नाही. ऱ्हस्वच छाप."

पलीकडून संशयानं, "कोण बोलतंय?"

"मी बोलतोय!"

"आमचे साहेब असं बोलायचे नाहीत."

"अरे, तुझ्या पहिल्या पाटीवर 'अचुक छपाई' होतं. चु ऱ्हस्व. मी स्वतः शिडीवर चढून दीर्घ रंगवला. आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत आहे?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता.

एकला दहा कमी असताना छापखानेवाला सायकलवरून स्वतः आला. लेबल तीन कागदांत गुंडाळलेलं, जणू चारचौघांत दाखवण्यासारखी वस्तूच नाही. "साहेब, हे माझ्याकडून छापलं असं कुठे सांगू नका," म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

चिकटवायचं मात्र शुद्धोबांनीच. गाडीच्या इतक्या आत त्यांचा हात पहिल्यांदाच जात होता. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. शुद्धोबांनी डोळे मिटले, लेबल टेकवलं, अंगठ्यानं कडा दाबल्या. डोळे उघडले तर रेघेला रेघ जुळलेली. आणि मधोमध ते ऱ्हस्व.

परीक्षकांनी भिंग लावलं. वही पाहिली. पुन्हा भिंग लावलं.

"पूर्ण गुण," ते म्हणाले. "असं हुबेहूब चुकलेलं लेबल मी आजवर पाहिलं नाही."

पहिला क्रमांक आला. मेव्हण्यानं किल्ली भाऊजींच्या हातात दिली. शुद्धोबांनी दार लावलं ते असं, की लागलं की नाही हे बायकोला उतरून पाहावं लागलं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. शुद्धोबा ताठ बसून लग्नापासूनच्या मागच्या सीटचा हिशेब चुकता करत होते.

सासूबाई शेजारी, मांडीवर बक्षिसाची ढाल. पहिल्या सिग्नलला शुद्धोबांची नजर ढालीवर गेली. सोनेरी अक्षरांत कोरलं होतं: प्रथम पारितोषीक.

डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि खिशातल्या तांबड्या पेनाकडे निघाला.

"जावईबापू," सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "हात दुर ठेवा."

"दूर," शुद्धोबा म्हणाले.

"दुर. पूर्ण गुण आहेत त्याला."

शुद्धोबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.