जावयाच्या गाडीचा लाल दिवा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी दहाला तोताराम फेगड्यांचा जावई हितेंद्र धुळ्याहून वरणगावात येऊन पोचला आणि बायकोच्या आधी त्यानं गाडी दाखवली. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकून बसलेली ती गाडी बावीस वर्षांची होती. जर्मनीत जन्मली, मुंबईत दोन मालकांकडे नांदली आणि गेल्या वर्षी हितेंद्रच्या ठिबक सिंचनाच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. “मामा, अख्ख्या धुळे जिल्ह्यात अशी दुसरी नाही,” तो म्हणाला. तिच्यातून बाहेर निघायला मयुरीला आईनं दोन्ही हात धरून ओढावं लागलं, पण तेवढ्यानं गाडीची शान कमी झाली नाही.

तोतारामनाना गाडीभोवती एक फेरी मारून आले. दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. लग्नात वाढलेल्या जिलबीकडेसुद्धा तो आधी संशयानं बघायचा. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि ते तिथंच थांबलं.

“हितेंद्रराव, गाडीले टिकली कायले लावली?”

स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी खरंच मयुरीची एक मोठी टिकली चिकटवलेली होती.

“ते होय? तिथं एअरबॅगचा दिवा लागतो मामा. दिवाळीपासून लागतोय. डोळ्यात जातो म्हणून झाकला.”

“गॅरेजवाल्याले दाखवला नाही?”

“तिघांना दाखवला. एक म्हणाला सेन्सर, दुसरा म्हणाला वय झालं. तिसऱ्यानं विचारलं, दिवा लागल्यावर गाडी पळते ना? म्हटलं पळते. तर म्हणाला, मग झालं. आता मीच एक यंत्र मागवलंय. गाडीला लावायचं, मोबाइलवर बोट दाबायचं, की दिवा पुसला जातो. दोन दिवसांनी परत येतो, ते सोडा.”

नानांनी टिकलीचं टोक नखानं उचललं. खालून लाल उजेड आला. त्याचा अर्थ सरळ होता. उद्या कुठं धडक झाली तर आतला फुगा फुगेलच याचा भरवसा नाही, असं ती गाडी सहा महिने ओरडून सांगत होती आणि तिच्या तोंडाला टिकली लावली होती. त्या सीटवर नानांची एकुलती एक मुलगी बसून आली होती, आणि उद्या परत जाणार होती.

पण हे बोलायचं कसं? आखाजीला आलेल्या जावयाच्या वस्तूला नाव ठेवायचं म्हणजे घरात रुसवा ओढवून घ्यायचा. मागच्या आखाजीला आमरसात आंब्याचे दोरे निघाले म्हणून शेजारच्या भिकनचा जावई ताटावरून उठला, तो दिवाळीपर्यंत आला नव्हता. त्यात ही गाडी म्हणजे हितेंद्रचा जीव की प्राण. नानांनी टिकली पुन्हा दाबून बसवली आणि जेवणाची वाट पाहिली.

दुपारी हितेंद्रनं चार वाट्या आमरस घेतला, सासूबाईंच्या आग्रहानं पाचवी घेतली आणि कूलरसमोर जो आडवा झाला, तो घोरायलाच लागला. नानांनी त्याच्या उशाशी ठेवलेली किल्ली अलगद उचलली.

“काय करू राह्यले तुम्ही?” बायकोनं, यशोदाबाईंनी, दबक्या आवाजात विचारलं.

“दिवा विझवतो. तो उठायच्या आत.”

“आन् बिघडली तं?”

“चौतीस वर्षं माह्या हातून काही बिघडलं का?”

यशोदाबाईंनी फळीवरच्या बंद मिक्सरकडे पाहिलं.

खरं म्हणजे काम गुपचूप उरकलं असतं. पण एअरबॅगच्या आत फुगा फुगवायला चिमूटभर स्फोटक असतं, हे नानांना ठाऊक होतं. आणि स्फोटक म्हटलं की त्यांचे हात नियमाबाहेर चालत नसत. नियमाप्रमाणे चार कोपऱ्यांवर चार लाल निशाणं हवीत. मयुरीच्या ओटीसाठी आणलेला लाल खण यशोदाबाईंच्या डोळ्यांदेखत चार तुकडे झाला. नियमाप्रमाणे वाळू हवी. शेजारी भिकनकडे बांधकाम चालू होतं, म्हणून नाना दोन घमेली मागायला गेले आणि तिथंच गुपित फुटलं.

भिकन त्याच कारखान्यातून, गोदाम खात्यातून निवृत्त झालेला. त्याला आठ वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. तो नुसती वाळू देऊन थांबणार कसा? “पन्नास पावलं हद्द पाहिजे तोताराम,” तो म्हणाला. पाठोपाठ अग्निशमन खात्यातून निवृत्त झालेला हिलाल खाकी टोपी घालून पाण्याचा पाइप ओढत आला. “पन्नास गोदामात. उघड्यावर शंभर.” गल्ली एकूण ऐंशी पावलांची होती, त्यामुळे दोघांचं जुंपलं. मात्र जावई झोपलेला असल्यानं सगळं भांडण कुजबुजत चाललं होतं.

“माह्या गोदामात एक ठिणगी पडली नाही कधी.”

“पडली नाही, कारण बाहेर मी उभा होतो!”

शेवटी हिलालनं दारोदार जाऊन ओठांवर बोट ठेवत लोकांना घराबाहेर काढलं आणि पारावर नेऊन बसवलं. का, असं कुणी विचारलं, की तो कानात सांगे, “गाडीत बारूद आहे. गडबड नका करू.”

नानांनी बॅटरीची तार सोडली. अर्धा तास थांबायचं म्हणजे थांबायचं, असं बजावून ते घड्याळ लावून उन्हात उभे राहिले. मग गाडीच्या दारातून अंग आत ढकलून, पालथे पडून त्यांनी मयुरीच्या सीटखाली टॉर्च मारला. तिथं एक पिवळा प्लग होता. बाकी सगळ्या तारा काळ्या असताना हा एकटा पिवळा. इथं धोका आहे, हे आणखी वेगळं कोण काय सांगणार! तो अर्धवट निसटलेला होता. नानांनी हात लावला आणि बोट चिकट झालं.

त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग, कारखान्यात कधी केलं नसतं ते केलं. बोट जिभेला लावलं.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बोट भिकनपुढे धरलं. भिकननं प्लगवरचं थोडं तेल टिपून चाखलं, हिलालनंही चाखलं. मोहरीची डाळ होती, हिंग होता आणि मेथी अंमळ जास्त होती.

“हे तं वहिनींचं लोणचं,” हिलाल म्हणाला.

मयुरीला दारातूनच आठवलं. दिवाळीला आईनं पाच किलोची बरणी दिली होती. गाडीला डिकी नावापुरतीच. हितेंद्र म्हणाला होता जागा नाही, आणि आईनं, जागा कशी नाही ते दाखवते, म्हणत ती सीटखाली रेटून बसवली होती. धुळ्याला उतरवताना ती निघता निघेना, तेव्हा मयुरीनंच ओढून काढली. प्लग तेव्हाच निसटला असणार, आणि वरून झिरपलेलं तेल.

म्हणजे धुळ्याचे तीन गॅरेजवाले सोडा, जर्मनीतल्या इंजिनिअरलाही सापडला नसता असा दोष नानांना सापडला होता, आणि तो त्यांच्याच स्वयंपाकघरातून गेलेला होता. त्यांनी मुकाट्यानं प्लग स्पिरिटनं पुसला, कोरडा केला, खटकन बसेपर्यंत दाबला, बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. दिवा लागला. तसाच राहिला.

“झालं नाही का?” भिकननं विचारलं.

“झालं. पण गाडीच्या डोक्यातून जात नाही अजून,” मयुरी म्हणाली. “कारण मिटलं तरी ती लक्षात ठेवते. यांच्या यंत्रानं पुसावं लागतं.”

म्हणजे जावयाला उठवणं आलं. उठवायचं कोणी, यावर कुजबूज सुरू होते न होते तोच आत हितेंद्रचा मोबाइल खणखणला. पारावर बसलेल्यांपैकी कुणाची तरी बहीण धुळ्यात होती. फोनवर हितेंद्रची आई होती, आणि तिचा आवाज अंगणापर्यंत आला. “हितू! तुन्हा गाडीमा बॉम सापडना म्हणतस, खरं शे का?”

हितेंद्र बनियनवर बाहेर धावला. समोर त्याची गाडी, चहूबाजूंना लाल निशाणं, वाळूची घमेली, पाइप रोखून उभा असलेला खाकी टोपीवाला, आणि पारावर सगळी गल्ली. त्याचे कान लाल झाले.

“मामा, एवढा तमाशा? आवडत नव्हती गाडी, तर तसं सांगायचं होतं. मयुरी, बॅग भर.”

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. भिकन कानाशी लागला, “उंदीर सांग. उंदरानं तार कुरतडली म्हन. कोनाचंच नाव नको.” सुटका समोर दिसत होती. पण नानांनी चौतीस वर्षांत खोटा शेरा मारला नव्हता, आणि आता मारायचा तर मुलीच्या सीटवर मारायचा होता. ते ताठ उभे राहिले.

“हितेंद्रराव, दोष सापडला. आमच्या घरच्या लोणच्याचं तेल प्लगमध्ये गेलं. बरणी आमच्या मंडळींनी कोंबली, ओढली आमच्या मुलीनं. चूक आमची.”

हितेंद्रनं हळूच विचारलं, “म्हणजे... गाडीत दोष नव्हता?”

“गाडीत काहीच नाही.”

“म्हणजे ती सहा महिने खरं बोलत होती?”

“एकदम खरं.”

हितेंद्रचा चेहरा असा खुलला, जणू पाचवी वाटी आत्ता अंगी लागली. तो पाराकडे वळला. “ऐकलं ना सगळ्यांनी? वय झालं म्हणत होते! गाडी खणखणीत आहे! बिघाड सासुरवाडीचा होता!” मग त्यानं यंत्र आणलं, जोडलं, मोबाइलवर बोट दाबलं. “आता किल्ली फिरवली, की दिवा सहा सेकंद लागून विझला पाहिजे.” मयुरीनं टिकली काढली. सगळ्या गल्लीनं मोजलं, आणि आता कुजबुजत नाही. सहाला दिवा विझला. हिलालनं उत्साहाच्या भरात पाइप सोडला आणि भिकन भिजला.

यशोदाबाई तोवर सावरल्या होत्या. “सहा महिने झाले, धुतलं नाही, पुसलं नाही, तरी चव गेली नाही म्हने,” त्या शेजारणीला सांगत होत्या. “जर्मनीची गाडी हरली माह्या लोणच्यापुढं.”

नानांचं कुणाला फारसं ध्यान नव्हतं. ते निशाणं गोळा करत होते. तेव्हा हितेंद्र जवळ आला. “मामा, तिघांना जमलं नाही ते तुम्ही केलं. मला हे लिहून द्या. तुमच्या कारखान्यात द्यायचे ना, तसं. सहीनिशी. धुळ्यात दाखवतो एकेकाला.”

निवृत्तीनंतर नानांची सही फक्त बँकेत लागे, तीही आपण जिवंत आहोत एवढं सांगायला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलं नाही. रात्री जेवण झाल्यावर कोरा कागद, पट्टी आणि निळं पेन घेऊन ते बसले. कारखान्यात पास झालेल्या मालावर जो शेरा लिहायचे तोच शेरा, त्याच वळणाच्या अक्षरात, त्यांनी लिहिला. हितेंद्रनं तो दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या अभिमानानं पुढच्या काचेवर चिकटवला, अक्षरं बाहेरून वाचता येतील अशी.

तासाभरात मयुरीचा फोन आला. “नाना, आम्हाले नाक्यावर पोलिसांनी अडवलं. हद्द आखलीये, वाळू मागवलीये. साहेब इचारतात, तो काचेवरचा कागद कोनाचा?”

“काय लिहिलेलं आहे, ते वाचून दाखवलं का त्यांनी?”

“तीनदा. ‘आतील स्फोटक स्वतः तपासले. धक्का बसताच हमखास उडेल. तोताराम फेगडे, दारूगोळा निरीक्षक.’ ते म्हनतात, ही सही खरी आहे का?”

तोतारामनानांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

“फोन त्यांच्याकडे दे,” ते म्हणाले. “सांगतो मी, खरी आहे म्हणून.”